धुण्याच्या दगडावरची पंचवीस घरं

मैत्रिणींनो, आज पारावर भांडून आले. सांगतेच.

घरोघरी नळ आले आणि विहिरीवरचा आमचा धुण्याचा दगड उकिरड्याशेजारी पडला. वीस वर्षं त्यावर गोधड्या आपटल्या होत्या. मागच्या आठवड्यात आम्ही चौघींनी तो ढकलत पारावर आणला. पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणाऱ्या सुमनअक्काने त्यावर पाच बाय पाच घरांचा पट कोरला. चिंचोके टाकायचे, खडे चालवायचे.

आज दुपारी पहिला डाव मांडला. तिथे रोज पत्ते कुटणारे नाना ओरडले, "घर सोडीसन आठे काय बठन्यात वं?"

घर सोडून इथे काय बसलात म्हणे! अक्काने मान वर न करता चिंचोके टाकले. "घरमाज शेतस, नाना. मोजी ल्या, पंचवीस शेतस!" घरातच आहोत, मोजून घ्या, म्हणत तिने पटावरच्या घरांकडे बोट दाखवलं.

नाना भडकले. "उद्या हा दगड फेकून देतो."

आता मी बोलले. "फेका ना! आणायला आम्ही चौघी लागलो. फेकायला तुम्ही किती जण आणताय?"

उद्या दुपारी आम्ही तिथेच बसणार आहोत. तुमच्या गावच्या पारावर बाईसाठी एक तरी घर आहे का?