एका हातानं चालेल असा चाकू

नवरा मी एका संध्याकाळच्या कांदेपोह्यांवर पसंत केला होता. चाकू निवडायला मात्र मला अख्खा पावसाळा लागला. हे आमच्या घरी आल्यागेल्याला नवराच सांगतो, आणि वर 'म्हणून चाकू चांगला निघाला' असंही म्हणतो.

आम्ही चौघी मैत्रिणी चाळिशी उलटल्यावर डोंगर चढायला लागलो. सुरुवात पांडवलेणीच्या पायऱ्यांपासून झाली, मग रामशेज, मग अंजनेरी, आणि एकदा तर हरिहरच्या त्या सरळसोट पायऱ्याही आम्ही चढून उतरलो. घरच्यांनी आधी थट्टा केली, मग नाद सोडला. आमच्यातल्या एका मैत्रिणीकडे स्वयंपाकाचं खातं होतं. ती शहरालगतच्या मखमलाबादची, घरची फुलांची आणि भाजीपाल्याची शेती. पहाटे झेंडू आणि मेथी बाजारात रवाना करून ती डोंगराला यायची आणि आम्ही धापा टाकत वर पोचेपर्यंत तिची चूल पेटलेली असायची. काळ्या मसाल्याची शेवभाजी करावी तर तिनंच. स्टोव्ह, पातेलं, तिखटमीठ आणि एक घडीचा चाकू अशी आमची स्वयंपाकाची पिशवी कायम तिच्याच घरी असे.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. पाय तिनं वावराच्या बांधावरून चालून चालून परत मिळवला, इतका की आता पाहणाऱ्याला कळणारही नाही. हात मात्र परत आला नाही. तो खांद्यापासून खाली लोंबतो आणि त्याची बोटं मिटलेली असतात.

पाय बरा झाल्यावर मी मोठ्या उत्साहानं तिच्याकडे गेले आणि आता थंडीत कुठे जायचं ते बोलायला लागले. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि ती पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, 'ही घेऊन जा. मला आता तो चाकू उघडत नाय.'

त्यात काय, मी उघडून देईन, असं मी म्हणाले. तिच्या नाकाला मिरची झोंबली.

'तू चाकू उघडणार, तू बाटलीचं झाकण काढणार, तू मला ताट वाढून देणार. मग मी डोंगरावर काय करायचं, देवी होऊन बसायचं? माझं दुसऱ्यांनीच करायचं असंल तर मी घरीच बरी हाय.'

तिचा राग मला लागू पडत होता, कारण माझा स्वभावच तसा आहे. कुणाचं काम हळू होताना मला बघवत नाही. नवऱ्याला शर्टाचं बटण लावायला जरा वेळ लागला तरी माझे हात शिवशिवतात. तिच्या आजारपणात मी जाऊन-येऊन तिचा चहाचा कप उचलायचे, तिचा पदर सारखा करायचे, आणि ती गप्प बसून करून घ्यायची. ते गप्प बसणं मला समजुतीचं वाटलं होतं. रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन मी रडले. दुःख झालं होतं आणि रागही आला होता, तिचा आणि माझा, दोघींचा.

घरी येऊन पिशवीतला तो चाकू काढला. पात्याच्या खाचेत नख घालायचं, दुसऱ्या हातानं मूठ धरायची, मग पातं बाहेर ओढायचं. मला स्वतःलाही त्याच्याशी झटापट करावी लागली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की घडीच नसलेला चाकूही मिळतो की. म्यानातून काढला की तयार. असा चाकू आणला तर बाईसाहेबांची तक्रारच मिटली, असं मला वाटलं. मी किती भोळी आहे हे यावरून कळावं.

मग मी फोनवर व्हिडिओ बघायला बसले. या चाकूंचं एक वेगळंच जग आहे. दाढीवाले गोरे पुरुष बर्फात एकटे बसलेले असतात आणि चाकूच्या पाठीवर दांडकं हाणून ओंडके फोडत असतात. आमच्या डोंगरात चुलीला काटक्या लागतात आणि त्या गुडघ्यावर मोडतात. तरी त्या दाढीवाल्यांकडून मी पुष्कळ शिकले. पातं मुठीच्या शेवटपर्यंत आत गेलेलं असावं, नाहीतर जोर लावला की मूठ हातात आणि पातं भलतीकडे. लांबी तळहाताच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त पुरे. साध्या पोलादाला धार छान येते, पण आमच्याकडच्या पावसात आणि लिंबाच्या रसात ते गंजतं, तेव्हा आपल्याला स्टेनलेसच बरं. पाठ जाड असली तर लाकडाला उपयोगी, पण टोमॅटो कापायला गेलं की त्याचा लगदा.

हे शेवटचं मी ऐकूनही सोडून दिलं आणि एक जाडजूड काळा चाकू मागवला. त्याच्या पाठीला करवतीसारखे दातही होते. पार्सल उघडल्यावर नवऱ्यानं शांतपणे विचारलं, 'शिकार कुठल्या जंगलात आहे?' त्या चाकूनं टोमॅटोचा लगदा केला. कांद्याचे त्यानं दोन तुकडे केले ते कापून नव्हे, धाक दाखवून. मी तो परत पाठवला आणि पातळ पात्याचा दुसरा मागवला.

दुसरा खरंच धारदार होता. मग मला सुचलं की आपण तिच्यासारखं करून बघावं. डावा हात ओढणीनं कमरेशी बांधून घेतला आणि बटाटा कापायला घेतला. बटाटा पळाला आणि फ्रिजखाली गेला. दुसरा घेतला, तोही गेला. काकडी ओट्यावरून गरगरत खाली पडली. म्यानातून चाकू एका हातानं निघत होता, पण मग बटाटा धरणार कोण? इथेच घोडं पेंड खात होतं. नवरा दारात उभा राहून माझा बांधलेला हात बघत होता. त्यानं या वेळी थट्टा केली नाही, खाली वाकून झाडूनं फ्रिजखालचे बटाटे काढून दिले.

त्यानंतर बरेच दिवस मी तो विषय टाकून दिला होता. पाऊस सरत आला आणि बाकीच्या दोघी हिवाळ्यातल्या मुक्कामाचं बोलायला लागल्या, तेव्हा मी तिला फोन केला. डोंगराचं नाव काढलं नाही. मला चाकू घ्यायचाय, मला त्यातलं काही कळत नाही, तू नुसती दुकानात चल, एवढंच म्हणाले. ती म्हणाली, तुला कशातलं कळतं ते आधी सांग. पण आली. येताना माझ्यासाठी पिशवीभर कोवळे दोडके घेऊन आली.

कॉलेज रोडवर ट्रेकिंगच्या सामानाचं एक दुकान आहे. मालक पन्नाशीचे, अगदी सभ्य गृहस्थ. त्यांनी काचेवर चाकू मांडले आणि सगळी माहिती माझ्याकडे बघून सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, घेणाऱ्या त्या आहेत, आणि मुद्दाम पलीकडे बूट बघायला गेले. बूट मी काही बघत नव्हते, सगळं लक्ष कानात होतं.

तिनं एकेक चाकू उजव्या हातात घेऊन तोलला. पहिल्याचं म्यान इतकं घट्ट की चाकूबरोबर तेही वर आलं. दुसऱ्याचं म्यान अंगठ्यानं रेटलं की सुटत होतं, ते तिला आवडलं. मग तिनं मालकांना विचारलं, 'खाली बसू का हितं?' आणि त्यांनी काही म्हणायच्या आत त्या गुळगुळीत फरशीवर बसली.

माझ्या घरी विळी केव्हाच माळ्यावर गेली, म्हणून मला हे सुचलं नव्हतं. शेतात विळी नसली की बायका विळ्याची मूठ पायाखाली दाबतात, धार वर ठेवतात आणि भाजी वरून तिच्यावर रेटतात. चाकू जागचा हलत नाही, हलते ती भाजी. तिनं चाकूची मूठ तशीच चपलेखाली धरली आणि माझ्यासाठी आणलेल्या पिशवीतून एक दोडका उपसला.

मालक घाबरले. काकू, पाय कापेल, असं दोनदा म्हणाले.

'विळा असाच धरते मी वावरात,' ती म्हणाली. 'पाय दोन्ही हायेत माझे अजून.'

पण जमलं नाही. त्या चाकूची मूठ गोल होती, पायाखाली फिरली आणि पातं आडवं झालं. दोडका घरंगळत मांडून ठेवलेल्या तंबूत गेला. तिनं ओठ चावला. मी बूट हातात घेऊन जागच्या जागी उभी होते आणि माझ्या मनात येत होतं की आत्ताच जाऊन तो चाकू धरावा. गेले नाही. तिनं दुसरा मागितला. तो दिसायला फार देखणा, मुठीला बोटांसाठी खाचा, तिला तो मनापासून आवडला होता. पण मूठ वाकडी, पाठीवर उभी राहीना. तो तिनं दोनतीन वेळा करून पाहिला आणि जड मनानं परत दिला.

तिसरा चाकू अगदी साधा होता. मुठीच्या दोन्ही बाजू सपाट लाकडाच्या, पाठ सरळ, पातं पातळ. तो पायाखाली उभा राहिला. तिनं दोडका त्यावर टेकवून रेटला आणि एक चकती खाली पडली. मग दुसरी पडली. मालकांनी घाईघाईनं खाली वर्तमानपत्र पसरलं. सबंध दोडका संपेपर्यंत ती उठली नाही. नंतर मालक तिच्याशीच बोलायला लागले. धार किती दिवसांनी लावावी, म्यान पट्ट्याला कुठल्या बाजूनं अडकवावं, हे ते तिला सांगत होते आणि ती उलट प्रश्न विचारत होती.

परतताना रिक्षात चाकूचं खोकं तिच्या मांडीवर होतं. मुक्कामाला येतेस का, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला. अशोकस्तंभाशी सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, 'पिशवी कुठं हाय?' माझ्याकडे, मी म्हणाले. 'दिऊन टाक,' ती म्हणाली आणि बाहेर बघायला लागली. मी त्याच संध्याकाळी पिशवी तिच्या घरी पोचवली.

थंडीत आम्ही चौघी पेठ तालुक्याच्या बाजूला गेलो. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात, डोंगराच्या पायथ्याशी, मुक्काम होता. सकाळी वर चढायचं होतं. ताडपत्री बांधताना दोरी लांब झाली, तर तिनं चाकू बुटाखाली धरून दोरी त्याच्यावरून ओढली आणि तुकडा माझ्याकडे फेकला. दुधाची पिशवी, लिंबू, खुंटीचं टोक, सगळं त्या एकाच चाकूवर झालं. खुंटीचं टोक काही धड झालं नाही, ते दगडानं ठोकून घेतलं.

मग ती कांद्याला बसली. एका सपाट दगडावर चाकू, त्यावर पाय, शेजारी ताट. कांदा निसटायचा, ती तो पुन्हा उचलून आणायची. बाकीच्या दोघींपैकी एकीनं सहज हात पुढे केला तर तिनं तो उडवून लावला. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले होते, अगदी खरोखर. भूक लागली होती, थंडी वाजत होती, आणि चार कांदे कापायला इतका वेळ लागू शकतो हे मला माहीत नव्हतं. शेवटी शेवभाजी झाली. कांद्याच्या फोडी बोराएवढ्या होत्या. मी तसं म्हणाले तर म्हणाली, मग पुढच्या वेळी तू काप. ते 'पुढच्या वेळी' ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिसऱ्यांदा भाजी घेतली.

झोपताना तिनं बूट काढले नाहीत. थंडी लय हाय, म्हणाली. घरून निघताना सुनेनं बांधून दिले असणार आणि काढले तर पुन्हा बांधायचे कुणी, हे माझ्या लक्षात आलं.

सकाळी सॅक पाठीला लावून निघालो. बाकीच्या दोघी पुढे गेल्या होत्या. वाट सुरू होते तिथे ती थांबली. तिच्या डाव्या बुटाची लेस सुटून मातीत लोळत होती. मी पाहिली, हात जॅकेटच्या खिशात घातले आणि डोंगराकडे बघत उभी राहिले.

'बघितलंस ना?' ती म्हणाली. 'मग बांध की.'

मी खाली बसले. तोल जाऊ नये म्हणून तिनं उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. मी गाठ मारली तर इतकी घट्ट नको, रक्त थांबंल, म्हणून ओरडली. मी ती सोडून पुन्हा बांधली. उठायला लागले तेव्हा तिनं खांद्यावरचा हात काढला नाही. दुसऱ्या बुटाची लेस सुटलेली नव्हती, जरा ढिली झाली होती इतकंच, पण तिनं तोही पाय पुढे केला.