एक्केचाळीस नंबरच्या दोन नळ्या

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे रजिस्टरबाई म्हणत. अठरा वर्षं तिचं काम एकच: नाव लिहायचं, नंबर टाकायचा, तोच नंबर रक्ताच्या नळीवर चिकटवायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिनं बारावीला बसायचं मनावर घेतलं आणि तिची झोपच उडाली.

त्या आठवड्यात तिचं गाडं फलनाशी, म्हणजे गणितातल्या फंक्शनशी, अडलं होतं. पुस्तकात क्रमित जोड्या देऊन विचारलेलं, हे फलन आहे का? (१, ५), (२, ५) हे फलन. (१, ५), (१, ७) हे नाही. लेकीनं केस विंचरता विंचरता सांगितलं, की पहिला आकडा तोच राहून दुसरा बदलला की फलन नाही. तिला ते पाठ झालं, पण पटेना. दोघं एका घरी गेले तर चालतं, मग एकजण दोन घरी गेला तर कुणाचं काय बिघडतं? भाजी चिरताना तेच, बसमध्ये तेच. नवरा म्हणाला, त्या आकड्यांना तरी तुझी एवढी काळजी आहे का?

दुपारी ती अहवाल जुळवायला बसली आणि नकळत जोड्याच वाचू लागली. अडतीस, ओ. एकोणचाळीस, ओ. दोघांचा रक्तगट एकच, त्यात वावगं काही नाही. चाळीस, एबी. एक्केचाळीस, बी. त्याखाली पुन्हा एक्केचाळीस, ए.

तिनं रजिस्टर पुढ्यात ओढलं. त्यात त्या नंबरापुढे दोन नावं होती, वर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं, खाली निवृत्त पोस्टमनचं. बाईंचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. अक्षर तिचंच होतं.

रक्त तपासणारा तंत्रज्ञ हळूच म्हणाला, की बाई आधी आल्या होत्या, म्हणजे बी त्यांचाच; टाकू लिहून. क्षणभर तिलाही मोह झाला. मग ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"एक्केचाळीस नंबर मी दोघांना दिलाय. कुठलं रक्त कुणाचं, आता कुणालाच सांगता येणार नाही. दोघांनाही परत बोलवावं लागेल."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अठरा वर्षांत पहिलीच चूक ना?"

"मला कळलेली पहिली," ती म्हणाली.

फोन तिनंच केले, माफीही तिनंच मागितली. पोस्टमन हसत आले. बाईंनी मात्र हात पुढे करताना चांगलं सुनावलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. नव्या तपासणीत बाईंचा गट ए निघाला. तंत्रज्ञानं ती नळी पुन्हा एकदा तपासून पाहिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढं गणितात तीही काठावर सुटली. पण आता जेवणाच्या सुट्टीत ती जुनी रजिस्टरं काढून बसते आणि प्रत्येक नंबरावर बोट ठेवत खाली जाते. चार वर्षांची तपासून झालीत. अजून एकही चूक सापडलेली नाही, आणि त्यानं तिला जराही बरं वाटत नाही.