बावीस पायऱ्या

रक्ततपासणीच्या खोलीत तिला सगळे बहुधाबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिचे कान तिखट. दोष तिचाच होता म्हणा, तिच्या दर दुसऱ्या अहवालात तो शब्द असायचा. रुग्णाच्या रक्ताची बाटली मशीनमध्ये ठेवायची, आत जंतू वाढले की मशीन वाजायचं. मग ते जंतू खरंच रक्तातले, की सुई टोचताना कातडीवरून आत शिरलेले, हे तिनं सांगायचं. "बहुधा कातडीवरचे," असं ती लिहायची आणि डॉक्टर औषध देत नसत. बहुतेक वेळा ते बरोबरच निघायचं.

मग एकदा एका बाईच्या दोन बाटल्यांपैकी एकच वाजली. खरे जंतू सहसा दोन्हींत वाढतात, म्हणून तिनं हातासरशी तेच लिहिलं. बाई घरी गेली. चौथ्या दिवशी दुसरी बाटली वाजली. बाईच्या हृदयात कृत्रिम झडप होती आणि जंतू तिथं ठाण मांडून बसले होते. कागदावरचा झडपेचा रकाना कुणीतरी कोराच सोडला होता, त्यामुळे तिला कोणी बोल लावला नाही. बाई मात्र गेली.

त्याला सहा वर्षं झाली. तिनं तो शब्दच टाकला. लेकीनं विचारलं, "आई, आज लवकर येशील का?" तरी उत्तर एकच, "माहीत नाही." घरी भांडी घासताना मध्येच हात थांबवून ती ऐकत राहायची. घरात मशीन कुठून येणार? पण तिला ते वाजलेलं ऐकू यायचं.

गेल्या आठवड्यात सकाळी मशीन खरंच वाजलं. रुग्ण एक म्हातारा शिंपी. दोनातली एकच बाटली. तिनं कळवताच वॉर्डातून तरुण डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "मावशी, औषध जहाल आहे आणि त्यांना किडनी एकच. दिलं तर ती जायची. नाही दिलं आणि जंतू खरे निघाले, तर माणूसच जायचा. बहुधा कातडीवरचे, एवढं लिहून द्या ना!"

"थांबा, मी वर येते," ती म्हणाली.

शिंपी उशीला टेकून बसला होता, ताप उतरलेला. तिनं त्याला सदऱ्याची बटणं सोडायला लावली आणि छाती नीट पाहिली.

"आत काही बसवलंय का? झडप, सळई, नळी?"

"भुकेशिवाय आत काही नाही, बाई."

मग ती नर्सकडे वळली. "रक्त कुठल्या हातातून घेतलंत?"

नर्स घुटमळली. "शीर सापडेना हो. चारदा टोचलं. शेवटी दोन्ही बाटल्या एकाच टोचणीत भरल्या."

म्हणजे कातडीवरचे जंतू दोन्हींत शिरू शकले असते; दुसरी बाटली वाजली असती, तरी तिची साक्ष कुचकामी.

"ठरवायचं तुम्ही," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "पण दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त घ्या. कातडी पुसा, सुकू द्या, मगच टोचा."

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. ताप परत चढला तर लगेच औषध, नाहीतर थांबायचं, असं ठरलं. ताप चढला नाही. पाच दिवस नव्या बाटल्या गप्प राहिल्या.

पाचव्या दिवशी ते सांगायला ती स्वतःच वर गेली. शिंप्यानं हात जोडले, डॉक्टरीणबाई तर नाचायच्याच बाकी होत्या. ती खाली निघाली आणि शेवटच्या पायरीवर मटकन बसली. उतरताना तिनं सहज पायऱ्या मोजल्या होत्या. बावीस भरल्या.

झडपेच्या त्या बाईच्या छातीवर मधोमध वीतभर वण होता, असं नंतर कळलं होतं. वर जाऊन कुणीही पाहिला असता. तेव्हाही पायऱ्या बावीसच होत्या.