बावीस नळ्या

उषाबाईच्या खानावळीला पाटी नव्हती. सुरतेतल्या लिंबायत भागात त्या गल्लीच्या तोंडाशी हातपंप होता, आणि पंपापासून भाजलेल्या वांग्याचा वास माणसाला हाताला धरून दारापर्यंत आणायचा. पारोळा, अमळनेर, धरणगावकडचे बावीस जण तिथं जेवायचे. सगळे यंत्रमागावरचे. बायकापोरं गावी.

"मावशी, भाजीमा मिरची टाकी का मिरचीमा भाजी?" बळीराम ताटावर बसला की पहिली खोडी हीच.

"गुमान खा. नहीतर सुवर्णाले पत्र धाडसू."

सुवर्णा म्हणजे बळीरामची बायको. तिचं नाव निघालं की तिशीतला गडी कानापर्यंत लाल व्हायचा आणि पंगत हसायची. नवरा गेल्यावर उषाबाई चुलीवर उभी राहिली, त्याला चौदा वर्षं झाली होती. कुणाला ताप आला तर तीच दवाखान्यात न्यायची, कुणी दारू पिऊन आला तर दोन दिवस त्याचं ताट बंद. सुरतेत ह्या माणसांची आई, सासू आणि फौजदार अशी तिन्ही ती एकटीच होती.

शहाण्णवच्या पावसाळ्यात तिथं पराग सर आले. विद्यापीठात संशोधन करत होते, डॉक्टरेटसाठी. खांद्याला झोळी, बोलणं मऊ. आठवडाभर पंगतीत मांडी घालून कळण्याची भाकरी जेवले, ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तरी "वाढा मावशी" म्हणाले. उषाबाईनं तिथंच त्यांना पास केलं. आपल्या हातचं खाल्लेला माणूस आपलं वाईट करणार नाही, हा तिचा हिशेब.

आठव्या दिवशी सर अडखळत म्हणाले, "मावशी, थोडं रक्त हवं होतं सगळ्यांचं. पण सुईचं नाव काढलं की पळतात हो."

"कशासाठी रक्त?"

"तपासणी. मजुरांच्या तब्येतीचा अभ्यास आहे माझा. नाव कुठंही येणार नाही, नळीवर नुसता नंबर."

"आणि काही निघालं तर औषध द्याल?"

"अभ्यासाचा उपयोग सगळ्यांनाच होतो," सर म्हणाले.

हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण शिकलेल्या माणसाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा कसा?

सुट्टीच्या सकाळी सर रक्त काढणाऱ्या दोन पोरींना घेऊन आले. सुया, कापूस, केळ्यांची फणी. बावीस जण भिंतीला पाठ लावून उभे, हात बगलेत. मग उषाबाईनं पातेल्यावर झाकण आपटलं.

"रगत नही, ते ताट नही!"

"मावशी, दोन भाकरीले इतलं रगत?" बळीराम कळवळला.

"तुले तीन देसू. बाही वर कर."

बळीरामनं केली. मागून एकेकानं केली. बावीस नळ्या भरल्या. सर हात जोडून म्हणाले, "तुमच्यामुळं झालं, मावशी." ती चार दिवस त्याच फुशारकीत होती.

त्यानंतर सर दिसले नाहीत. पुढच्या चैत्रात, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठ दिवसांवर आली असताना, मगनशेठनं तिला कारखान्याच्या दारात बोलावलं. तिचे नऊ जण त्याच्याच मागांवर होते. त्याच्या हातात गुजराती पेपर.

"उषाबेन, आ वांचो."

"मला कुठं वाचता येतं, शेठ? तुम्हीच सांगा."

शेठनं सांगितलं. विद्यापीठातल्या कुणाचा अभ्यास छापून आला होता. लिंबायतमधली खानदेशी खानावळ, गल्लीच्या तोंडाशी हातपंप, चालवणारी विधवा बाई. जेवणारे बावीस, त्यातल्या चौघांना एड्स.

"तमारुं नाम नथी," शेठ म्हणाला.

"बाकी काय झाकून ठेवलंय मग?"

"कारीगर डरी गया छे, बेन. तुमच्याकडे जेवणारा माझ्या मागावर नको."

संध्याकाळच्या पंगतीला सहा आले. दुसऱ्या दिवशी दोन. शेजारची वत्सला, जी हक्कानं विरजण मागायची, ती उषाबाईच्या मागून पंपाचा दांडा राखेनं घासून मग हंडा भरू लागली. उषाबाईला त्याचं दुःख झालं, पण त्या दुःखाला वेळ नव्हता. आखाजीला खानदेशातला माणूस घरी जातोच. चौघंही जाणार. आणि चौघं आपापल्या बायकांकडे जाणार.

ती रिक्षा करून विद्यापीठात गेली. सरांच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा होता, दारात "अभिनंदन, डॉक्टर!" चाललं होतं.

"मावशी! बसा, पेढा घ्या."

"ते चार कोण?"

सरांचा हात पुड्यावरच राहिला. "ते... मलाही माहीत नाही."

"रक्त तुम्ही काढलं ना?"

"नंबर आणि नाव यांची जोडच ठेवायची नसते. तीच तर गुप्तता. सगळीकडे असंच करतात, मावशी."

"म्हणजे आजार तुमच्या कागदाला कळला, माणसाला नाही."

"तसं नव्हे. समाजात प्रमाण किती, हे कळणं फार..."

"समाज गाडीत बसून गावी चाललाय, सर. बायकोला साडी घेऊन."

सरांनी पेढ्यांचा पुडा मिटून बाजूला सारला. मग म्हणाले, "सरकारी दवाखान्यात परत तपासता येईल. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील ते." हे बोलताना त्यांना लाज वाटली असावी, पण थांबून खात्री करण्याइतकी उसंत तिला नव्हती.

सगळ्यांच्या खोल्या तिनं पालथ्या घातल्या. कुणी दार उघडलं नाही, कुणी आतून शिवी दिली. बळीराम सापडला तो उधना स्टेशनावर, भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत, खिडकीशी. मांडीवर पिशवी.

"बळीराम, उतर. एक तपासणी कर, मंग जाय." ती हळू बोलली.

"काय?" पंधरा वर्षं मागांच्या खडखडाटात घालवलेल्या कानांना हळू बोललेलं कळत नव्हतं.

"तपासणी!"

"पहिले बी तूच म्हने तपासणी. तुनं ऐकीसन काम गयं मनं. आते परत?"

"चूक झाली रे मनी. पण सुवर्णानी तरी दया कर."

"काय म्हनस?"

गाडीनं शिटी दिली. उषाबाईनं खिडकीचे गज धरले आणि ओरडली, "एड्स शे रे चार जणस्ले! तुले बी व्हई!"

बळीरामच्या शेजारची म्हातारी पोराला उचलून पलीकडे सरकली. समोरचा उठून उभाच राहिला. बळीरामनं उषाबाईकडे बघितलं. चौदा वर्षांत तिच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी खिडकीची झडप खाली ओढली.

गाडी हलली. झडपेआड बसलेला बळीराम त्या चौघांतला होता की उरलेल्या अठरांतला, हे उषाबाईला कधी कळलं नाही. त्या नळ्यांवरून कुणालाच कळणार नव्हतं. तशी सोयच करून ठेवली होती.