साहेबांच्या टेम्पोवरचं गाणं

माझा स्वभाव भित्रा आहे. वर्गात हात वर करायलाही मला वर्ष लागलं. सूड हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही, पण जे केलं ते सुडापोटीच केलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनात मला बक्षीस होतं. आई उसाच्या फडातून थेट आली, हातांवर पाचटाचे ओरखडे घेऊन, आणि पहिल्या रांगेत बसली. प्रमुख पाहुणे एका साखर कारखान्याचे संचालक होते. त्यांनी तिच्याकडे न बघता नुसती दोन बोटं हलवली. त्यांचा कार्यकर्ता म्हणाला, "ओ मावशी, उठा. सायबांची मानसं बसायचीत हितं." आई सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली. त्या खुर्चीवर शेवटपर्यंत साहेबांच्या हारांची पिशवी होती.

पुढच्या वर्षी मी जर्मन शिकायला लागले, तिकडे नोकऱ्या आहेत असं ऐकून. कानाला सवय व्हावी म्हणून मोबाईलवर गाणी ऐकायचे. त्यात एक पंक बँड सापडला. चौघं गिटार आणि ड्रम बडवत पुढाऱ्यांना शिव्या घालायचे. एका गाण्यात तर पुन्हापुन्हा एवढंच: चोरा, खुर्चीवरून उतर! ते ऐकताना मला ती पिशवीच दिसायची.

संमेलनाला पुन्हा तेच साहेब आले. स्वागताचं संगीत माझ्याकडे होतं. त्यांच्या गळ्यात हार पडला आणि मी ते गाणं लावलं. मी पडद्याआड सरकले. साहेब मात्र मांडीवर ताल धरून बसले. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"कुठलं गं हे गाणं?"

"जर्मनीचं, सर. तिकडं मोठ्या लोकांसाठी लावतात."

"लई भारी! आपल्या प्रचाराच्या टेम्पोवर पायजे हे."

पेन ड्राइव्ह मी स्वतः नेऊन दिला.

निवडणूक लागली. तिसगावच्या बाजारात आई आणि मी भाजी घेत होतो, तेवढ्यात टेम्पो आला. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो, आणि भोंग्यातून तेच गाणं.

"काय बोंबलतोय गं त्यो?" आईने विचारलं.

मी चाचरत सांगितलं. आधी गाण्याचा अर्थ, मग ते तिथे कसं पोचलं ते. आई हसली नाही. भाजीची पिशवी माझ्या हातात दिली, टेम्पोला आडवी जाऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "ए भाऊ, आवाज वाढव की जरा! मागं उभ्या असलेल्यांना ऐकू येत न्हाई."