मास्तरांच्या गाडीतला आवाज

नोकरीत मोठमोठे गुन्हे हाताळले, पण त्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. म्हैसूरच्या एका ठाण्यात असताना आलेली एक तक्रार मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. तिच्यात ना चोरी होती, ना मारामारी.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराने एका वृद्ध गृहस्थांना माझ्यासमोर आणून बसवले. निवृत्त चित्रकला शिक्षक, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेले मराठी. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांची जुनी गाडी मागच्या बाजूने खडखडत होती आणि कोणीतरी ती मुद्दाम बिघडवत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे गॅरेजचे प्रकरण, ठाण्याचे नव्हे, असे अंमलदार माझ्या कानाशी कुजबुजला. मलाही तसेच वाटत होते. पण संशय कोणावर, असे मी रीतसर विचारले, तेव्हा मास्तरांनी आधी चष्मा काढून पुसला.

“मुलावर, सार,” ते म्हणाले. “गाडी विका म्हणून मागे लागलाय. मी भिऊन चालवायची सोडावी म्हणून करतोय. हे लिहू नका. तुम्हाला सांगितलं, अष्टे, एवढंच.”

मी अर्ज ठेवून घेतला, नोंद केली नाही. संध्याकाळी मुलगा आपणहून आला. हेब्बाळला एका कंपनीत कामाला होता, तिथल्या बसमधून उतरून सरळ ठाण्यात. अप्पा इथे येऊन गेल्याचे त्याला शेजाऱ्यांकडून कळले होते. त्याचे म्हणणे असे, की गाडीत आवाजच नाही. तो स्वतः बसून आला होता, मेकॅनिकही बसून आला होता. अप्पांना नसलेले ऐकू येऊ लागले आहे. किल्ली काढून घ्यावी आणि डॉक्टरकडे न्यावे, एवढेच आता उरले. बाप मुलाला गुन्हेगार समजत होता आणि मुलगा बापाचे डोके फिरले असे समजत होता. एवढ्याशा संशयावरून घरे मोडलेली मी पाहिली आहेत. आवाजाचा छडा लावायचाच, असे मी ठरवले.

दुसऱ्या दिवशी एका हवालदाराला घेऊन गाडी तपासायला गेलो. जीपमध्ये पुढे बसायची सवय, म्हणून पुढच्या दाराला हात घातला, तर मास्तरांनी अदबीने मागचे दार उघडले. पुढची सीट त्यांच्या आईची. त्या हयात असेपर्यंत तिथेच बसत. त्या जाऊन बरीच वर्षे झाली, तरी त्यांची छोटी उशी तिथेच होती आणि घरातले सगळे मागेच बसत. आम्हीही मागे बसलो. मास्तरांनी खड्डे शोधशोधून गाडी नेली. गाडी गरीब गाईसारखी चालली. मास्तरांचा चेहरा उतरला. “काल होता, सार,” एवढेच म्हणाले.

खोटे बोलणारा माणूस उघडा पडू लागला की खुलासे सुरू करतो. मास्तरांनी एकही खुलासा दिला नाही. मी तिथेच त्यांच्या बाजूचा झालो. शिवाय पोलिसांना पाहून गप्प होणारे संशयित मी आयुष्यभर पाहिले होते. अशांवर लांबून पाळत ठेवावी लागते.

मास्तर दर आठवड्याला बहिणीला भेटायला बन्नूरला जात. त्या रस्त्यावर एका गतिरोधकाजवळ चहाची टपरी आहे. तिथे मी साध्या वेशात जाऊन बसलो. गाडी आली. आत मास्तर एकटेच होते. पुढची चाके निमूट उतरली, आणि मागची उतरताच असा खडखडाट झाला की टपरीवाल्यानेही मान वळवली. आनंदाने मी चहा सांडला.

गाडी थांबवून तिथल्याच बाकावर मास्तरांचा खरा जबाब घेतला. आवाज कधीपासून? बायको मुलीच्या बाळंतपणासाठी हुबळीला गेली, तेव्हापासून. एरवी बरोबर येणाऱ्या बाई कुठे बसत? अर्थातच मागे. त्यानंतर मुलगा मागे बसला, मेकॅनिक मागे बसला, मीही हवालदारासह मागे बसलो. आवाज शोधायला येणारा प्रत्येक जण त्याच्यावरच बसत होता. मागे वजन पडले की तो दबत होता.

मी मुलाला फोन करून घटनास्थळी बोलावले. आल्यावर फक्त पुढे बसायला सांगितले. तो बापाकडे पाहत राहिला. त्या सीटवर तो लहानपणी आजीच्या मांडीवर बसला असेल तेवढाच. मास्तरांनी उशी उचलून माझ्या हातात दिली.

“बैस,” ते म्हणाले. “आजी तुला कधी नको म्हणाली काय?”

गाडी गतिरोधकावरून गेली, खडखडली, थोड्या अंतरावर थांबली आणि तशीच उभी राहिली. उशी घेऊन मी जवळ गेलो. मुलाने बापाचा हात धरला होता.

“आहे, अप्पा. आवाज आहे.”

“म्हणजे मी बरा आहे, नाही का रे?” मास्तरांनी विचारले.

इतके दिवस ते मुलावर संशय घेत होते, कारण स्वतःवर घ्यायची त्यांना भीती वाटत होती.

पुढचे काम सोपे होते. गाडीत कोणालाही न बसवता मागचा भाग हलवून पाहा, असे मी मेकॅनिकला सांगितले. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचा रबरी बुश झिजला होता. तो बदलला आणि आवाज गेला. मास्तर अर्ज मागे घ्यायला आले, तेव्हा मुलगा बरोबर होता. बायकोच्या वजनामुळे आवाज दबत होता हे हुबळीला कळू देऊ नका, अशी विनंती त्यांनी मला केली, आणि ठाण्यात मी ती तोंडी नोंदवून घेतली.

पुढे निवृत्तीपर्यंत अशी माणसे येत राहिली. कोणाला छपरावर पावले ऐकू येत, कोणाला दारावर टकटक. हवालदार हसत. मी मात्र खुर्ची देऊन पहिला प्रश्न एकच विचारायचो: तेव्हा तुमच्याबरोबर कोण होतं? बहुतेकांचे उत्तर सारखेच असायचे. कोणी नाही.