हात लावून पाह्य

"हात लावून पाह्य गा, मंग बोल." दुकानाची पायरी चढता चढता एक गृहस्थ हे म्हणायचे आणि एक कोरा, जाड कागद माझ्यापुढे धरायचे. कागदावर शाईचा थेंब नाही. बोट फिरवलं की मात्र घामोळ्यासारखे बारीक ठिपके लागायचे. ती ब्रेल लिपी, ज्यांना दिसत नाही त्यांनी बोटांनी वाचायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात महालात माझं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. ते एका कचेरीत कारकून, मूळचे उमरेडच्या विणकर घरातले, नंदनवनहून सायकलनं यायचे. असा एखादा छांदिष्ट तुमच्याही ओळखीत असेलच. कचेरी सुटली की हे गृहस्थ खाचांच्या पट्टीत कागद अडकवून टोच्यानं टिचटिच करत छापील पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवत बसायचे. ठिपके मागच्या बाजूनं टोचायचे, म्हणून सगळं लिहिणं उलटं, उजवीकडून डावीकडे. "मागावर वाढलेल्या मानसाले उलटी बाजू समजते गा," म्हणून हसायचे.

त्या वर्षी काटोलची एक मुलगी बी.ए.च्या परीक्षेला बसणार होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं आणि इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवायला कोणी नव्हतं. यांनी पाच महिने खपून ते सगळं टोचून काढलं आणि परीक्षेला पंधरा दिवस असताना गठ्ठा माझ्याकडे आणला.

"नीट बांध गा. पोरीचं वर्ष आहे याच्यात."

मी माझ्या परीनं नीटच बांधलं. शिवलं, खळ लावली, पुठ्ठ्यावर कापड चढवलं. आमच्या धंद्याची रीत अशी की बांधलेलं पुस्तक रात्रभर लोखंडी शिकंज्यात दाबून ठेवायचं. हे जरा फुगीर वाटलं म्हणून मी चाक दोन आटे जास्तच आवळलं. सकाळी काढलं तर कसं छान सपाट! स्वतःवरच खूश झालो.

ते आले. पान उघडून बोट फिरवलं. मग मधलं पान. मग शेवटचं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"दाबलं काय गा तू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या पाच महिन्यांवर मी इस्त्री फिरवली होती. त्यांनी थोबाडीत दिली असती तरी बरं वाटलं असतं.

ते स्टुलावर बसले, पाणी प्याले. मग म्हणाले, "मीच सांगाले पाह्यजे होतं. पिशवीतून छापील पुस्तक काढ. तू वाच, मी टोचतो."

त्यांनी रजा टाकली. मी दुकान अर्धं बंद ठेवून दहा-बारा दिवस वाचत होतो. निम्मे धडे झाले. उरलेल्यांसाठी ते दाबलेलं पुस्तकच तिच्याकडे गेलं. मुलगी पास झाली. एकदा भीत भीत मी विचारलं, "तिले काय सांगितलं जी तुम्ही?"

"तुले काय करायचं? शिव तू."

पुढे दहाएक वर्षं ते पुस्तकं आणत राहिले. त्या पुस्तकांना मी शिकंजा कधी लावला नाही. मग एक दिवस ते आले नाहीत, ते गेल्याचं कळलं.

त्यानंतर महिनाभरात धाकट्या भावाचा हात धरून एक बाई दुकानात आली. शाळेत शिकवते म्हणाली. पिशवीतून तिनं शिवण उसवलेलं पुस्तक काढलं. कापड पाहताच मी ओळखलं, ही ती काटोलची मुलगी.

"काकांनी मला दिलेलं पहिलं पुस्तक आहे हे, भाऊ. ठिपके फार दबलेले आहेत. वाचून वाचून बोटं सोलून निघाली होती माझी. काका म्हणत, पोरी, तवा बिमार होतो मी, हातात जोरच नव्हता माह्या."

मी हबकलो. दहा वर्षं या माणसानं माझी चूक स्वतःच्या हातावर घेतली होती, आणि त्याच दुकानात बसून माझ्यासोबत चहा प्यायला होता. मला रडू आलं.

मी तिचा हात धरून शिकंज्याच्या गार चाकावर ठेवला.

"हे काय आहे भाऊ?"

"हात लावून पाहा, ताई. जोर याचा होता. आवळणारा मी होतो."

ती बराच वेळ चाकावरून बोटं फिरवत राहिली. मग पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली, "बांधून द्या. पण आता दाबू नका."